डॉक्सीसायक्लिन आणि स्क्रब टायफस: कापूस वेचणीच्या दिवसांत गोळी कशी, कधी, कशासोबत द्यायची?

सीएचओ_चोपडा

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रातून विचारते आहे. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू झाली आहे आणि त्याच वेळी तापाचे रुग्णही वाढलेत.

रुग्ण पुरुष, वय ५८, वजन ५२ किलो. सहा दिवस ताप, डोकं आणि अंग ठणकतं. करदोड्याच्या खाली एक काळी खपली सापडली, दुखत नाही, खाजत नाही. मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह. तालुक्याच्या फिजिशियननी स्क्रब टायफस (माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा ताप) धरून डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस लिहून दिलं आहे. काल दुपारी सुरू केलं. दुसऱ्या कॅप्सूलनंतर 'छातीमा जयजय व्हस' (छातीत जळजळ होते) अशी तक्रार आहे, आणि म्हणून तिसरी घ्यायला ते तयार नाहीत.

घरात आधीपासून लोहाची गोळी, कॅल्शियम ५०० आणि ॲसिडिटीचं पातळ औषध चालू आहे. रात्री झोपताना पेलाभर दूध घ्यायची सवय. वेचणीला परत कधी जाऊ, हे रोज विचारतात. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, नातू सहा वर्षांचा. त्यांनाही 'आधीच' गोळी द्यावी का, असं घरचे विचारतात.

कोणती गोळी कोणत्या वेळेला, हे मला कागदावर लिहून द्यायचं आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

औषधपेटी_अमळनेर

ताई, आधी छातीतली जळजळ, कारण त्यावरच पुढचा कोर्स पूर्ण होतो की अर्धवट सुटतो हे ठरतं.

ही नेहमीची ॲसिडिटी नसावी. डॉक्सीसायक्लिन विरघळलं की त्याचं पाणी चांगलंच आम्लधर्मी होतं. जिलेटिनची कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळली तर ती ओली होऊन अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटते आणि तिथेच फुटते. त्या जागी भाजल्यासारखा व्रण होतो. रात्री झोपताना घेतली तर धोका आणखी वाढतो, कारण आडवं झाल्यावर लाळ कमी सुटते आणि कॅप्सूल खाली सरकत नाही. तुमच्या रुग्णाची दुसरी कॅप्सूल बहुधा झोपतानाच गेली असेल, विचारून बघा.

पद्धत अशी ठेवा. आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा. मग बसून किंवा उभं राहून कॅप्सूल तोंडात टाकायची आणि त्यामागे अख्खा पेला, म्हणजे २०० ते २५० मिली पाणी, प्यायचंच. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल चावायची नाही, फोडून पूड पाण्यात कालवायची नाही. रिकाम्या पोटी मळमळ होते, म्हणून जेवणासोबत घेतलेली बरी. अन्नामुळे शोषण साधारण २० टक्के कमी होतं, पण डोस पुरेसा असल्याने त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे रात्रीचं जेवण साडेसात-आठला होतं आणि नऊला माणूस खाटेवर असतो. म्हणून कॅप्सूल जेवण उरकल्यावर नको, जेवणाच्या मध्ये द्या: अर्धी भाकरी झाली की कॅप्सूल, पेलाभर पाणी, मग उरलेली भाकरी. अन्नाचा घास मागून गेला की कॅप्सूल खाली उतरायला मदतच होते.

मात्र गिळताना प्रत्येक घासाला दुखत असेल, पाणीसुद्धा टोचत असेल, किंवा उलटीत रक्त दिसलं तर पुढची कॅप्सूल न देता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. औषध बदलायचं का हे ते ठरवतील. रुग्णाने आपल्या मनाने औषध सोडून घरी बसणं मात्र या आजारात जिवावर बेतू शकतं.

आता बाकीच्या गोळ्या. डॉक्सीसायक्लिन हे टेट्रासायक्लिन घराण्यातलं. या घराण्याची खोड अशी की लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक भेटलं की ते त्यांच्याशी घट्ट बांधलं जातं आणि मग आतड्यातून रक्तात जात नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधात बहुतेक वेळा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच असतं. म्हणजे जळजळ झाली म्हणून कॅप्सूलवरच दोन झाकणं जेल पाजलं, तर कॅप्सूल न दिल्यासारखीच. अल्सरसाठी देतात ते सुक्राल्फेटही असंच वागतं, त्यात ॲल्युमिनियम असतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल ही गोळी मात्र या बांधणाऱ्यांतली नाही.

कागदावर असं लिहा:

सकाळी ८: न्याहारीसोबत डॉक्सीसायक्लिन, पेलाभर पाणी.
दुपारी १ ते २: जेवणासोबत कॅल्शियम. जेल लागलंच तर तेही दुपारीच, कॅप्सूलपासून दोन-तीन तास लांब.
रात्री ८: जेवणाच्या मध्ये डॉक्सीसायक्लिन.
लोह: डॉक्टरांना विचारून सात दिवस बंद.

लोहाला एवढं वेगळं का काढलं, तर डॉक्सीसायक्लिन रक्तात गेल्यावरही पित्तातून थोडं थोडं परत आतड्यात येतं आणि पुन्हा शोषलं जातं. लोह त्या परतीच्या वाटेवरही त्याला पकडतं. त्यामुळे नुसतं अंतर ठेवून पूर्ण भागत नाही. सात दिवस लोह थांबल्याने ५८ वर्षांच्या माणसाचं काही अडत नाही. डॉक्टर 'चालू ठेवा' म्हणाले, तर दुपारच्या जेवणात ठेवा.

दुधाचा बाऊ मात्र जरा जास्त केला जातो. जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने डॉक्सीसायक्लिनवर दुधाचा परिणाम बराच कमी असतो. तरी रात्रीचा पेला या आठवड्यापुरता दुपारी चारला सरकवा, कटकट मिटते. केळी, वरण, दादर ज्वारीची भाकरी, खिचडी काहीही बंद करू नका. तापातून उठणाऱ्या माणसाला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नये.

---

फिजिशियन_धुळे

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी आजाराच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, खपली शोधलीत याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. ही खपली म्हणजे एशार: सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा मध्य आणि भोवती लाल कड. दुखत-खाजत नसल्याने रुग्ण सांगत नाही, आणि कपडे न काढता तपासलं तर दिसत नाही. काख, जांघ, कंबर, बायकांमध्ये स्तनाखाली, कानामागे, नितंब, अंडकोश या जागा बघायच्याच. जिथे कपडा किंवा करदोडा आवळतो तिथे माइटची अळी थांबते आणि चावते. एशार प्रत्येक रुग्णात असतोच असं नाही, त्यामुळे न दिसल्याने स्क्रब टायफस नाही असं म्हणू नये.

जंतूचं नाव ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरून राहतो. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं जंतूच्या भिंतीच्या बांधणीवर घाव घालतात. या जंतूला तशी भिंत जवळपास नसतेच, शिवाय तो पेशीच्या आत लपलेला. म्हणून 'ताप उतरत नाही' म्हणून पाच दिवस सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं घेतलेला रुग्ण सहाव्या दिवशी धाप लागून येतो. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आत सहज जातं, जंतूच्या ३०एस रायबोसोमवर बसतं आणि त्याची प्रथिनं बनणंच थांबवतं.

तपासणीच्या रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नाही. आयजीएम एलायझा ही रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी साधारण पाच ते सात दिवसांनंतर पॉझिटिव्ह येऊ लागते. वाइल-फेलिक्स या जुन्या रक्ततपासणीतला ओएक्स-के हा आकडा वाढलेला असला तर मदत होते, नसला तर काही सिद्ध होत नाही. याउलट औषधाला मिळणारा प्रतिसादच मोठी खूण आहे: बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो. तुमच्या रुग्णाला काल दुपारी पहिला डोस मिळाला, म्हणजे उद्या दुपारपर्यंत वाट बघा. दर सहा तासांनी ताप लिहून ठेवा. ४८ तासांनंतरही १०१ च्या वर चढत असेल तर दोनच प्रश्न विचारायचे: कॅप्सूल खरंच पोटात गेली का, आणि निदान बरोबर आहे का.

निदानाबद्दल एक सावधानता. सहाव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आल्याने डेंग्यू बाद होत नाही, तोवर एनएस-१ ओसरू लागलेलं असतं. डेंग्यूची आयजीएम आणि प्लेटलेट करून घ्या. मलेरियाचीही एकच रॅपिड टेस्ट पुरेशी मानू नका, स्मिअर, म्हणजे रक्ताची काचपट्टी, पुन्हा पाठवा. लेप्टोस्पायरोसिसचा सौम्य आजार असेल तर त्यावरही हेच औषध चालतं. टायफॉइडसाठी मात्र डॉक्सीसायक्लिनवर विसंबू नये.

कुटुंबाचं उत्तर सोपं आहे. स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे ताप नसलेल्या कोणालाही 'आधीच' गोळी नको. सुनेला ताप आलाच तर गरोदरपणात ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ रोज एकदा, ५ दिवस, हा नेहमीचा पर्याय. पण डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. सहा वर्षांच्या मुलाला हा आजार झाला तर डॉक्सीसायक्लिन देता येतं. प्रमाण दिवसाला ४.५ मिग्रॅ प्रतिकिलो, दोन भागांत. म्हणजे १८ किलोच्या मुलाला दिवसाला ८१, सुमारे ४० मिग्रॅ दोनदा. किंवा ॲझिथ्रोमायसिन १० मिग्रॅ प्रतिकिलो. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या काळातली. डॉक्सीसायक्लिन कॅल्शियमला कमी चिकटतं आणि एवढ्या छोट्या कोर्सने दात खराब होताना दिसत नाहीत. उपचार टाळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

रेफर कधी करायचं ते ठळक लिहून ठेवा: श्वास मिनिटाला २४ च्या वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, बडबड किंवा गुंगी, लघवी कमी, डोळे पिवळे, किंवा कॅप्सूल पोटात टिकतच नाही. अशा रुग्णाला शिरेतून औषध लागतं. गंभीर स्क्रब टायफसवर भारतातल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून दिल्याचा निकाल एकेकट्या औषधापेक्षा चांगला आला.

चोपडा, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विचारायचीच: सिकलसेलचं (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड आहे का? असेल तर तो ताप उपकेंद्रावर सांभाळायचा नाही, सरळ पुढे पाठवायचा.

---

सीएचओ_चोपडा

दोघांचे आभार. विचारलं, दुसरी कॅप्सूल खरंच दोन घोट पाण्याने झोपताना घेतली होती. पाणी गिळताना दुखत नाही, फक्त जळजळ आहे. सिकलसेल नाही. घरच्यांनी सांगितलं की फिटसाठी फेनिटॉइन रोज चालू आहे. चालेल का? आणि एखादा डोस चुकला किंवा उलटी झाली तर?

---

फिजिशियन_धुळे

बरं झालं विचारलंत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन आणि टीबीचं रिफाम्पिसिन ही औषधं यकृताला कामाला लावून डॉक्सीसायक्लिन लवकर संपवतात. एरवी रक्तातलं औषध निम्मं व्हायला १८ ते २२ तास लागतात, फेनिटॉइनवर असलेल्या माणसात बरेच कमी. फिटची गोळी बंद करायची नाही, एक दिवसही नाही. पण ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांना आजच फोनवर कळवा. ते ॲझिथ्रोमायसिनवर नेतील किंवा हेच ठेवून प्रतिसादावर बारीक लक्ष ठेवतील. रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल, चालू असलेल्यांमध्ये उलटा त्रास होतो. रक्त जास्त पातळ होऊ शकतं, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, लवकर तपासावा लागतो.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यायचा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो सोडायचा, दोन एकदम नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी होऊन कॅप्सूल बाहेर दिसली तर पुन्हा द्या. हेच दोनदा झालं तर रेफर.

---

त्वचारोग_जळगाव

वेचणीचा प्रश्न राहून गेला, आणि खान्देशातल्या ऑक्टोबरात तो किरकोळ नाही.

डॉक्सीसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला, विशेषतः अतिनील-ए किरणांना, फार हळवी होते. हे किरण ढगातून येतात आणि गाडीच्या काचेतूनही येतात. वेचणी करणारा माणूस वाकलेला असतो, म्हणून मानेची मागची बाजू, कानांच्या कडा, हातांची पाठ, गळ्याचा उघडा त्रिकोण आणि पायांची पाठ आधी भाजते. काही तासांत लालसर चुरचुर, दुसऱ्या दिवशी फोड. क्वचित नखं बुडापासून सुटतात.

सात दिवसांचा कोर्स आणि नंतरचे चार दिवस शेतात न पाठवलेलं उत्तम. या तापानंतर अशक्तपणा तसाही आठवडाभर राहतो. मजुरीचा प्रश्न असेल आणि जाणं भागच असेल, तर ताप उतरल्यावर सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत उतरेल असं उपरणं, पायांत मोजे. नुसती टोपी पुरत नाही, मान उघडी राहते. सनस्क्रीन परवडत असेल तर अतिनील-ए अडवणारं, एसपीएफ ३० किंवा वर, दर दोन-तीन तासांनी.

पुरळ आलं तर फरक ओळखा. स्क्रब टायफसचं पुरळ पोट-पाठीवर, कपड्यांखाली असतं. उन्हाचं पुरळ जिथे कपडा संपतो तिथे रेघ मारल्यासारखं थांबतं. दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र केलेली ट्यूब आणून लावू नका. गार पाण्याच्या घड्या, सावली आणि डॉक्टरांना फोटो.

बरा झालेला माणूस त्याच बांधावर परत बसला तर पुन्हा चावा लागू शकतो, एकदा झाल्याने पक्कं संरक्षण मिळत नाही. माइटच्या मादीकडून जंतू तिच्या अंड्यांत उतरतो आणि उंदीर-घुशी अळ्यांना पोसतात, त्यामुळे तो त्या जागेत टिकून राहतो. बांधावरचं गवत कापलेलं ठेवा. जेवायला गवतावर न बसता ताडपत्री किंवा खाट घ्या. कपडे झुडपांवर वाळत घालू नका. घरी आल्या आल्या साबणाने घासून आंघोळ आणि अंगावरचे कपडे लगेच धुवायला. अळी अंगावर चढल्यावर चिकटून चावायला काही तास घेते, म्हणून त्याच संध्याकाळची आंघोळ खरोखर उपयोगाची. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसं दगावली तेव्हाही पावसाळा आणि त्यानंतरचे हेच महिने होते.

---

पशुवैद्य_शहादा

थोडं विषयाला जोडून. गोठ्यात काम करणाऱ्याला दोन-तीन आठवडे येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरलेले, आणि गोठ्यात गाय किंवा शेळी गाभडली असेल, तर ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा, विचार करा. तिथेही डॉक्सीसायक्लिनच लागतं. पण १०० मिग्रॅ दोनदा, पूर्ण सहा आठवडे, आणि एकटं नाही: सोबत रिफाम्पिसिन किंवा पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. स्क्रब टायफसच्या हिशेबाने सात दिवसांत थांबवलं तर ताप उतरतो आणि महिन्याभरात परत येतो. म्हणून ताप उतरला एवढ्यावर समाधान न मानता गोठ्याची चौकशी करा. न उकळलेलं दूध बंद, आणि गाभडलेला गर्भ किंवा वार उघड्या हातांनी उचलायची नाही.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची एस-१९ लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर अंगावर काढू नका. ती जिवंत लस आहे आणि माणसाला आजारी पाडते. जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तीन आठवड्यांचं प्रतिबंधक औषध लागतं.

आणि हात जोडून सांगतो, जनावरांच्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची बाटली घरात आहे म्हणून ती माणसाला टोचू नका.

---

औषधपेटी_अमळनेर

पशुवैद्यांचा मुद्दा बरोबर आहे, दोन्ही औषधं एकाच घराण्यातली असल्याने लोकांची गल्लत होते. या घराण्यातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन, १९४८ सालचं. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून ते आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. एवढ्या जुन्या घराण्याचं औषध अजून उपयोगी पडतंय, ते जपून वापरलं तरच पुढेही पडेल.

ताई, शेवटचं. कोर्सला १४ कॅप्सूल लागतात आणि स्ट्रिप दहाची असते. दोन स्ट्रिप विकत घेतल्या तर सहा उरतात. त्या सहा पुढच्या कुठल्याही तापाला घरात वाटल्या जातात. दुकानदाराला चार कापून द्यायला सांगा. कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग रुग्णाच्या तुकड्यावर राहू द्या. मुदत संपलेलं टेट्रासायक्लिन नुसतं निकामी होत नाही, त्याच्या विघटनातून झालेल्या पदार्थांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद १९६३ पासून आहे. पत्र्याच्या घरात औषध खिडकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर नको. स्ट्रिपमधून काढून डबीत भरूनही ठेवू नका, उजेड आणि दमट हवा दोन्ही त्याला सोसत नाही. माठाजवळच्या गार कोपऱ्यात, पण ओल लागणार नाही अशा उंचीवर, स्ट्रिपसकट कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर '८ आणि ८, जेवणात, पेलाभर पाणी' एवढं मोठ्या अक्षरात लिहा. फेनिटॉइनमुळे औषध बदललं तर वेळाही बदलतील. मग हा कागद फाडून नवा लिहा आणि उरलेल्या कॅप्सूल मोजून परत घ्या.